भूल विभागातलं बोटाच्या ठशाचं कपाट: वापरल्यानंतरचं मत

फेंटानिल, मॉर्फिन, केटामाइन ही वेदना शमवणारी आणि भुलेची औषधं, पण व्यसन लावणारी, म्हणून आतल्याच माणसाकडून चोरीला जाऊ शकणारी. ती ठेवायला आमच्या ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, बोटाच्या ठशावर उघडणारं संगणकीय कपाट आलं. मी भूलतज्ज्ञ. खरेदीच्या कागदावर सही माझीच, त्यामुळे नंतरच्या तक्रारीही माझ्याच दारात.

यंत्र म्हणून ते चोख आहे. रुग्णाचं नाव निवडा, औषध निवडा, बोट ठेवा, की तेवढाच कप्पा उघडतो. आत किती अँप्युल्स (औषधाच्या काचेच्या कुप्या) आहेत ते मोजून भरल्याशिवाय ते पुढे जाऊ देत नाही. उरलेलं औषध टाकून द्यायचं तर साक्षीला दुसऱ्याचं बोट लागतं. आधीचं रजिस्टर संध्याकाळी एका बैठकीत, एकाच पेनाने भरलं जायचं. ते नाटक संपलं. सॅनिटायझरने ओलं झालेलं बोट मात्र त्याला ओळखता येत नाही, म्हणून इमर्जन्सीसाठी पासवर्ड पाठ असू द्या.

खरी करामत अहवालात आहे. एकाच प्रकारच्या ऑपरेशनला कोण किती फेंटानिल काढतं, रद्द झालेल्या केसच्या नावावर काय निघालं, ड्यूटी संपल्यावर कोणी कप्पा उघडला, सगळं शेजारी शेजारी दिसतं. आमच्याकडे एका सहकाऱ्याचा आकडा इतरांच्या फारच वर गेला. पेशंटच्या नावावर काढलेलं औषध तो स्वतःच घेतो की काय, ही शंका. तो कागद टेबलावर आला आणि एकेकाला आठवायला लागलं. हा माणूस सुट्टीच्या दिवशीही हजर. कोणी 'मी बघतो, तू जरा बसून ये' म्हटलं तरी केस सोडायचा नाही. सारखा बाथरूमला. रिकव्हरीच्या सिस्टर म्हणाल्या, "सरांचे पेशंट विव्हळतच बाहेर येतात, आणि शीटवर तर भरपूर औषध दिलेलं असतं." मग बोलला का नाहीत? "आम्ही कोण बोलणार, मॅडम?" डॉक्टरांची उत्तरं जास्त सुबक होती. घरी ताण असेल. हात चांगला आहे त्याचा. कोणीतरी बोललंच असेल.

हे 'कोणीतरी' सगळीकडे सापडतं. अमेरिकेत २०१० साली डॉक्टरांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. काम करण्याच्या स्थितीत नसलेला किंवा कामात कच्चा सहकारी ज्यांना प्रत्यक्ष माहीत होता, त्यांच्यापैकी ६७ टक्क्यांनीच ते कळवलं होतं. गप्प राहण्याचं सर्वांत जास्त सांगितलेलं कारण हेच, की दुसरं कोणी बघत असेल. रीत जुनी आहे. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचे थोर सर्जन विल्यम हॉल्स्टेड कोकेनवर प्रयोग करता करता त्याच्या आहारी गेले, पुढे मॉर्फिनच्या. तिथलेच त्यांचे सहकारी डॉक्टर विल्यम ऑस्लर यांना ते ठाऊक होतं. त्यांनी लिहून ठेवलं, पण ते सर्वांसमोर यायला १९६९ उजाडलं.

आता कपाटाच्या उणिवा. कप्प्यातून बाहेर पडलेल्या सिरिंजचं पुढे काय होतं ते त्याला कळत नाही. टाकून देताना दाखवलेलं फेंटानिल आहे की सलाइन, डोळ्यांनी सांगता येत नाही, दोन्ही पाण्यासारखंच. साक्षीचं म्हणाल तर, "मॅडम, जरा बोट लावा ना" म्हटलं की लोक सिरिंजकडे न बघता बोट लावून मोकळे. परत आलेल्या सिरिंज अधूनमधून तपासायची सोय वेगळी करावी लागली. प्रोपोफॉल हे झोपवणारं भुलेचं औषध तर बऱ्याच ठिकाणी नियंत्रित औषधांत धरतच नाहीत, ट्रॉलीवर उघडं पडलेलं असतं. आम्ही ते हट्टाने आत घातलं. सर्जन मंडळी कुरकुरली, कुरकुरू देत.

विक्रेत्याचा माणूस डेमोत 'चोर सापडतो' असं मोठ्या उत्साहाने सांगत होता. सापडल्यावर काय करायचं, याचं पान त्याच्या माहितीपुस्तकात नाही. ते आम्हीच लिहिलं. एकट्याने जाब विचारायला जायचं नाही, दोघांनी जायचं. तपासणीची आणि उपचारांची जागा आधी पक्की करायची, मगच तोंड उघडायचं. आणि बोलणं झाल्यावर त्याला एकट्याने घरी पाठवायचं नाही, कारण त्या तासांत जिवाचं बरंवाईट करून घेण्याचा धोका मोठा असतो. ही शेवटची ओळ काहींना अतिरेकी वाटली. मी ती खोडू दिली नाही.

'करिअर संपेल बिचाऱ्याचं' म्हणणाऱ्यांनाही एक आकडा दाखवला. अमेरिकेतल्या १६ राज्यांत देखरेखीखाली व्यसनावर उपचार घेणाऱ्या डॉक्टरांचा अभ्यास २००८ मध्ये आला. ज्यांचा पाठपुरावा झाला, त्यांतले ७८ टक्क्यांहून जास्त पाच वर्षांनीही परवान्यासह काम करत होते. भूल विभागात, म्हणजे त्याच औषधांच्या शेजारी, परत घ्यावं का, यावर आमच्यात अजून वाद आहे. माझं मत 'लगेच नको' असं आहे.

पाचपैकी साडेतीन तारे. दीड कापला तो साक्षीच्या बोटासाठी आणि सिरिंज तपासणीसाठी. घेणार असाल तर महिन्याचा अहवाल कोण वाचणार, त्याचं नाव ऑर्डर देण्याआधी ठरवा. आमच्याकडे पहिले काही अहवाल कोणी उघडलेच नव्हते.