मास कम्युनिकेशनचं एम.ए. : दोन सेमिस्टर वापरून झाल्यावर

बी.कॉम. झाल्यावर "डिजिटल मीडियाला स्कोप आहे" हे मला इतक्या जणांनी ऐकवलं की शेवटी एका सरकारी विद्यापीठाच्या पत्रकारिता विभागात एम.ए. मास कम्युनिकेशनला प्रवेश घेऊन टाकला. आता पहिलं वर्ष संपलंय, दुसऱ्या सेमिस्टरचा निकाल हातात आहे, आणि गावाकडची पोरंपोरी मेसेज करून विचारतात, "ताई, घेऊ का ॲडमिशन?" उत्तर एका मेसेजात मावत नाही, म्हणून सविस्तर लिहितेय. विद्यापीठाचं नाव देत नाही. माझ्या तक्रारी आहेत त्याच दुसऱ्या विद्यापीठांतल्या मैत्रिणीही करतात, मग एकालाच कशाला धोपटायचं?

निकाल आधीच सांगून टाकते. ज्या "डिजिटल"साठी आले तो या कोर्सचा सगळ्यात कच्चा भाग निघाला. आणि ज्या तासांना अर्धा वर्ग कॅन्टीनला असतो, म्हणजे माध्यम कायदे, संपादन, संशोधन पद्धती, त्या तासांनीच पैसे वसूल करून दिले.

डिजिटलच्या पेपरचं काय झालं ते बघा. नोट्स कुठल्या तरी जुन्या बॅचच्या, झेरॉक्सची झेरॉक्स. त्यात टिकटॉक हे "तरुणाईचं लोकप्रिय माध्यम". टिकटॉकवर आपल्याकडे जून २०२० मध्ये बंदी आली, नोट्सना त्याचा पत्ताच नाही. वेब ॲनालिटिक्सच्या, म्हणजे साइटवर किती लोक येतात ते मोजण्याच्या प्रकरणात गुगलचं युनिव्हर्सल ॲनालिटिक्स समजावलेलं, बाउन्स रेटच्या जुन्या व्याख्येसकट. ते गुगलने जुलै २०२३ मध्ये बंद करून सगळ्यांना जीए-४ (गुगल ॲनालिटिक्स ४) वर नेलं. परीक्षेत मात्र जुनं लिहिलं की मार्क मिळतात. मी दोन्ही लिहिलं, आधी नोट्समधलं, मग "सध्या मात्र" म्हणून खरं. मार्क बरे पडले. कुठल्या परिच्छेदाला पडले, देव जाणे.

सरांचा फार दोष आहे असंही नाही. अभ्यास मंडळाने एकदा अभ्यासक्रम मंजूर केला की तो काही वर्षं चालतो, आणि हे क्षेत्र तर सहा महिन्यांत कूस बदलतं. शिकवणारे तासिका तत्त्वावरचे, मानधन कधी येईल याचा भरवसा नाही. त्यांनी रोज नवं टूल शिकून यावं ही अपेक्षा मी तरी सोडून दिलीय. एडिटिंग, थंबनेल, सबटायटल हे सगळं मी रूममेटच्या लॅपटॉपवर, डाविंची रिझॉल्व्हच्या फुकटच्या आवृत्तीवर आणि यूट्यूब बघून शिकले. म्हणजे ज्या गोष्टीसाठी लोक ॲडमिशन घेतात, ती ॲडमिशनशिवाय येते.

आता कायद्याचा पेपर. शिकवायला कोर्टात प्रॅक्टिस करणाऱ्या वकील मॅडम यायच्या, काळा कोट हातावर टाकून, कायम दहा मिनिटं उशिरा. त्यांचा एक नियम होता: कलम पाठ करू नका, कलमामुळे बातमीतला कुठला शब्द उडतो ते सांगा. ऑनलाइन "आक्षेपार्ह" मजकुरासाठी शिक्षा देणारं आयटी ॲक्टचं कलम ६६ अ सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये श्रेया सिंघल खटल्यात रद्द केलं हे त्यांनी सांगितलं, तेव्हा पालघरच्या त्या दोन मुलींची २०१२ची अटकही सांगितली. एका फेसबुक पोस्टवरून आणि तिला दिलेल्या लाइकवरून झालेली. पालघरचं नाव आल्यावर वर्गातले मोबाइल खाली गेले. छापखान्यांचा आणि वृत्तपत्र नोंदणीचा १८६७चा कायदा जाऊन त्याजागी २०२३चा नवा कायदा आला आणि १ मार्च २०२४ पासून लागू झाला, हेही त्यांनीच सांगितलं. लायब्ररीतल्या पुस्तकांत अजून १८६७च चालू आहे.

हे सगळं परीक्षेपुरतं आहे असं मला वाटायचं. मग दुसऱ्या सेमिस्टरमध्ये ओजेटी, म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग, आली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: नवीन शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रात पदव्युत्तरचा साचा बदललाय. सेमिस्टरला २२ क्रेडिट. पहिलं वर्ष पुरं करून, म्हणजे ४४ क्रेडिटवर, पीजी डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं. पहिल्या सेमिस्टरला संशोधन पद्धती सक्तीची आणि दुसऱ्याला ऑन जॉब ट्रेनिंग, दोन्ही ४-४ क्रेडिटची. माझी ओजेटी एका मराठी न्यूज पोर्टलवर झाली. नाव नको.

तिथे माझं मुख्य काम होतं "हप्ता कधी येणार" या बातम्या लिहिणं. लाडकी बहीण योजनेचा महिन्याचा १,५०० रुपयांचा हप्ता कधी जमा होणार, हे लोक रोज शोधतात, म्हणून पोर्टलला ते रोज लिहावं लागतं. उत्तर बहुतेक दिवशी एकच असायचं: तारीख जाहीर झालेली नाही. पण ते पहिल्या परिच्छेदात सांगितलं तर वाचणारी बाई तिथूनच परत फिरणार. त्यामुळे आधी योजना काय आहे, मग पात्रता, मग मागचा हप्ता, मग जाहिरात, आणि सहाव्या परिच्छेदात "अद्याप अधिकृत घोषणा नाही". हे लिहिताना मला माझ्या मावशीचा चेहरा दिसायचा. ती चष्मा वर करून हेच वाचते आणि शेवटी मला फोन लावते.

गंमत म्हणजे थिअरीच्या तासाला जांभया देत ऐकलेलं अजेंडा सेटिंग, म्हणजे माध्यमं ज्यावर बोलतात तेच लोकांना महत्त्वाचं वाटू लागतं हा सिद्धांत, मला तिथे कळलं. मॅककोम्ब्स आणि शॉ या संशोधकांनी १९६८च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत चॅपल हिल इथल्या १०० अनिश्चित मतदारांना विचारलं होतं, तुम्हाला कुठले प्रश्न महत्त्वाचे वाटतात. ती यादी आणि माध्यमांतल्या बातम्यांची यादी त्यांना फार जुळणारी दिसली. १९७२ मध्ये तो निबंध छापून आला आणि तेव्हापासून जगभरची पोरं तो घोकतायत. माझ्या पोर्टलवर सकाळी आल्या आल्या शिफ्ट इन्चार्ज गुगल ट्रेंड्स उघडायचे आणि लोक काय शोधतायत त्यावरून आमचा अजेंडा ठरायचा. गाडी उलटी. यावर मी वर्गात प्रश्न विचारला तर सर खूश झाले आणि त्या दिवशी तास संपल्यावरही बराच वेळ बोलत बसलो. असे तास दोन सेमिस्टरमध्ये थोडेच झाले, पण झाले.

कायद्याचं सांगायचं राहिलं. एका दुपारी तालुका वार्ताहराची बातमी व्हॉट्सॲपवर आली. अल्पवयीन मुलीवरच्या अत्याचाराची. मुलीचं नाव नव्हतं. पण वस्तीचं नाव होतं, वडील काय काम करतात ते होतं, ती कुठल्या शाळेत कितवीत आहे तेही होतं. त्या वस्तीवर घरं किती असणार? मला मॅडमचा तास आठवला. पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या, कलम २३ मध्ये नावासोबत पत्ता, फोटो, कुटुंबाची माहिती, शाळा, शेजार, ओळख उघड करणारं सगळंच येतं. मी इन्चार्जना दाखवलं. "मग बातमीत राहिलं काय?" म्हणून ते चिडले, पण तिन्ही ओळी काढल्या आणि वार्ताहराला फोन करून झापलंही. त्या डेस्कवर माझ्यापेक्षा भन्नाट रील करणारी मुलं होती. कलम २३ त्यांच्यातल्या कुणाला ठाऊक नव्हतं. माझ्यासाठी वर्षभराची फी तिथे फिटली.

संपादनाचा पेपर शिकवायला एका दैनिकाच्या डेस्कवरून निवृत्त झालेले सर होते. लाल पेन, आणि "यावेळी", "दरम्यान" दिसलं की गोल. मी पहिली बातमी लिहिली ती गावातल्या पाणीयोजनेच्या कार्यक्रमाची: "मान्यवरांच्या हस्ते दीपप्रज्वलन करून योजनेचे उद्घाटन करण्यात आले." सरांनी अख्खं वाक्य खोडलं आणि समासात लिहिलं, "टँकर किती दिवसांनी येतो?" मला माहीत नव्हतं. सरपंचांना फोन केला, त्यांनी टाळलं. मग आईला केला. आठव्या दिवशी येतो, तोही अर्धा, हे आईकडून कळलं. तीच बातमीची पहिली ओळ झाली.

याच सरांच्या हाताखाली आम्ही प्रायोगिक अंक काढला. तो अनुभव मराठीत काम करू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने घ्यावा. आम्ही सगळ्यांनी मजकूर मोबाइलवर युनिकोडमध्ये टाइप केलेला. लॅबमधलं पानं लावायचं सॉफ्टवेअर इनडिझाइन जुनं आणि आधीच्या बॅचची पानं श्रीलिपीत, म्हणजे युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टात. मजकूर पेस्ट केला आणि पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती अक्षरानंतर जाऊन उभी राहिली, जोडाक्षरं पाय मोडून वेगळी झाली, "विद्यार्थी" ओळखू येईना. अर्धी संध्याकाळ आम्ही फॉन्टला शिव्या घातल्या. फॉन्ट बिचारा बरोबर होता. परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडायचा असतो, मग देवनागरी जागच्या जागी बसते. ही एवढीशी गोष्ट कुठल्याच नोट्समध्ये नाही. श्रीलिपीतली जुनी पानं मात्र कन्व्हर्टरमधून काढून रफार शोधत बसावी लागली. सर प्रूफवर पेन्सिल फिरवत म्हणाले, छापखान्यात शिशाचे खिळे जुळवण्यापेक्षा बरं आहे.

फेक न्यूज तपासणीची कार्यशाळाही चांगली झाली. पूल वाहून जातानाचा एक व्हिडिओ दिला होता, "आपल्याच जिल्ह्यातला" म्हणून फिरणारा. आम्ही लगेच फ्रेम काढून रिव्हर्स इमेज सर्चला लावायला घेतल्या. मागच्या बाकावरचा एक मुलगा, वडील एसटीत कंडक्टर, म्हणाला, "बस लाल आहे, पण आपली नाही." झूम केलं तर बसच्या पाटीवर कन्नड अक्षरं. टूलने उत्तर दिलं ते त्याच्यानंतर.

रेडिओ मला आवडेल असं वाटलं नव्हतं, पण सगळ्यात मजा तिथेच आली. साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवडला "माणदेशी तरंग" हे सामुदायिक रेडिओ केंद्र २००८ पासून चालतं, त्याचा अभ्यास करायला होता. सामुदायिक केंद्राला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या जशाच्या तशा लावता येतात. मग उरतं काय? शेळ्यांचे आजार, बचत गट, ओव्या, शाळेतली पोरं. ऐकल्यावर लक्षात येतं की लोकांना हेच हवं असतं. आमचा स्वतःचा दहा मिनिटांचा कार्यक्रम आम्ही हॉस्टेलच्या खोलीत गाद्या उभ्या करून रेकॉर्ड केला, कारण स्टुडिओचा एसी बंद आणि चालू केला की घरघर.

साधनांबद्दल जास्त लिहीत नाही. कॅमेरे आहेत, कपाटात आहेत, कपाटाला कुलूप आहे. किल्ली ज्यांच्याकडे ते रजेवर. सही मिळाली तर बॅटरी उतरलेली. एक बरा कॉलर माइक स्वतःचा घ्या, मोबाइलवर निम्मी कामं होतात.

फी हा सरकारी विभागाचा मोठा फायदा. वर्षाचं काही हजारांत भागतं, खासगी विद्यापीठांत हाच कोर्स लाखांत जातो. पात्र असाल तर महाडीबीटीवर राजर्षी शाहू शुल्क शिष्यवृत्तीचा अर्ज भरा, पण उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा, ऐनवेळी सेतूत रांग असते. लाखांत फी घेणाऱ्यांकडे स्टुडिओ चकाचक असतो आणि प्लेसमेंट सेलही असतो, हे मान्य. पण कर्ज काढून तिथे जावं असं मला वाटत नाही. आमच्या वरच्या बॅचमधल्या मुलांना पोर्टलवर सुरुवातीला पंधरा ते वीस हजारांच्या आसपास मिळतात. त्यात पुण्या-मुंबईत राहायचं, आणि हप्ता कुठून काढायचा?

पोर्टलपलीकडे वाटा आहेत, त्या मला इथे आल्यावर कळल्या. जनसंज्ञापन आणि पत्रकारिता हा नेटचा, म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेचा, विषय आहे, कोड ६३, आणि संशोधन पद्धतीचा पेपर तिथे थेट उपयोगी पडतो. जिल्हा माहिती अधिकारी ही माहिती व जनसंपर्क महासंचालनालयातली पदं, आमच्यातले तिघे-चौघे त्याच तयारीत आहेत. एक मैत्रीण साखर कारखान्याचं जनसंपर्काचं काम बघते, पगार पोर्टलपेक्षा बरा आणि घरचं जेवण.

बारावीनंतर विचारणाऱ्यांना: मुंबई विद्यापीठात पूर्वी बीएमएम (बॅचलर ऑफ मास मीडिया) म्हणायचे त्या पदवीचं नाव आता बीएएमएमसी आहे, तीन वर्षांची, शेवटच्या वर्षी जाहिरात किंवा पत्रकारिता निवडायची. त्याबद्दल मी सांगू शकत नाही, त्यातल्या कुणाला तरी गाठा. माझं वैयक्तिक मत, आधी अर्थशास्त्र, शेती, कायदा, कशाची तरी पदवी करा आणि मग इकडे या. बी.कॉम.मुळे मला बजेटच्या दिवशी डेस्कवर जो भाव मिळाला तो रील करून मिळाला नसता.

कुणी घेऊ नये? ज्याला फक्त यूट्यूब चॅनल काढायचंय त्याने. ज्याला वाचायचा कंटाळा आहे त्याने. ज्याला दोन वर्षांत टीव्हीवर दिसायचंय त्यानेही, कारण वर्गातली निम्मी मुलं तेच ठरवून येतात आणि दिवाळीपर्यंत गळतात.

आणि लॅपटॉप कुठला घेऊ, हे ॲडमिशनच्या आधी विचारू नका. पहिलं सेमिस्टर लॅब आणि मोबाइलवर निघतं. दुसऱ्यात व्हिडिओ करायचा की डेस्क, ते कळलं की मग १६ जीबी रॅमचा बघा, आणि डेस्कच असेल तर साधा घेऊन उरलेल्या पैशांत टायपिंगला इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड शिका.