संत्र्याच्या मुळांत विसरण आणि सक्रिय वहन
नागपूरच्या काळ्या जमिनीतील संत्र्याची मुळे पदार्थ दोन रीतींनी आत घेतात. विसरणात कण अधिक संहतीकडून (जिथे त्यांचे प्रमाण दाट असते तिथून) कमी संहतीकडे आपोआप सरकतात. पेशीला एटीपी (तिला ऊर्जा पुरवणारा रेणू) खर्चावा लागत नाही, आणि याहून अधिक सांगण्यासारखेही त्यात फारसे नाही. सक्रिय वहन मात्र गुंतागुंतीचे आहे. प्रद्रव्यपटलातील (पेशीभोवतीच्या पातळ पटलातील) प्रोटॉन पंप एटीपीची ऊर्जा वापरून हायड्रोजन आयन, म्हणजेच प्रोटॉन, बाहेर ढकलतात, त्यामुळे पेशीची आतली बाजू बाहेरच्या तुलनेत साधारण 100 मिलिव्होल्टहून अधिक ऋण होते, आणि आत परतणाऱ्या प्रोटॉनांसोबत ऋणभारित नायट्रेटही (मातीतले नत्रयुक्त पोषक द्रव्य), आत ते आधीच जास्त असले तरी, ओढले जाते. माझ्या मते खरा फरक पावसाळ्यात कळतो: बागेत पाणी साचून मुळांचा ऑक्सिजन तुटला, की ऑक्सिजनच्या आधारे बनणारे एटीपी घटते आणि विसरण चालू असूनही नायट्रेटचे शोषण मंदावते.