बर्फातल्या पक्ष्यांसाठी फीडर: अख्खा हिवाळा वापरल्यानंतर

आम्ही राहतो रॉचेस्टरला, अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात, ऑन्टारिओ सरोवराच्या काठी. सरोवरावरून वारा सुटला की बर्फ थांबायचं नाव घेत नाही. एका हिवाळ्यात सरासरी अडीच मीटरच्या आसपास पडतो. नोव्हेंबरात परसात पक्ष्यांसाठी दाणे भरून टांगायचा नळीचा फीडर, चरबीच्या वडीचा जाळीदार पिंजरा आणि विजेवर गरम राहणारं पाण्याचं भांडं लावलं. आता मार्च संपत आलाय. घ्यावं की नाही, असं बरेच जण विचारतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी नळीबद्दल. पारदर्शक प्लॅस्टिकची घेतली होती, ती जानेवारीच्या कडाक्यात तळाशी तडकली. तडकली नसती तरी अडचण होतीच: वरून बर्फ वितळून पाणी आत जायचं आणि खालच्या बिया गोठून त्यांचा दगड व्हायचा. बदली म्हणून धातूच्या जाळीचा फीडर आणला. त्यातून वारा खेळतो, पाणी निथळतं आणि पक्ष्यांना कुठूनही लटकून खाता येतं. वर मोठं झाकण हवंच. बर्फाच्या प्रदेशात प्लॅस्टिकवर पैसे घालू नका.

पण खरं सांगायचं तर फीडर कुठला, यापेक्षा त्यात काय भरता यावर सगळं आहे. दुकानात स्वस्त मिश्रणाची मोठी पोती मिळतात. त्यात लाल ज्वारीची भर असते, आणि इकडचे, म्हणजे अमेरिकेच्या पूर्व भागातले, बहुतेक पक्षी ती चोचीनं बाजूला सारून खाली टाकतात. खाली तिचा थर साचतो, बर्फाखाली कुजतो, उंदीर येतात. त्याऐवजी नुसतं काळं सूर्यफूल घ्या. साल पातळ, तेल भरपूर, लहान चोचीलाही फोडता येतं. लालभडक कार्डिनलसाठी थोडी करडई मिसळा; खारी तिच्या वाटेला सहसा जात नाहीत. गोल्डफिंचना लागतात कारळे, आपल्या चटणीतलेच! इथे ते इथिओपिया, भारत अशा देशांतून येतात आणि रुजू नयेत म्हणून उष्णता देऊनच विकले जातात. तेलकट असल्यानं लवकर खवट होतात आणि मग पक्षी ढुंकूनही बघत नाहीत, म्हणून छोटी पिशवीच आणावी.

चरबीच्या वडीवर छोटे सुतार पक्षी आणि नटहॅच तुटून पडतात. घरात चरबी नको असेल तर बिनमिठाचे भाजलेले शेंगदाणे जाळीत भरा, तेही चालतात.

सगळ्यात जीव जडला तो चिकडी या चिमुकल्या पक्ष्यावर. वजन जेमतेम दहा ते चौदा ग्रॅम. येते, एकच बी उचलते, समोरच्या लायलॅकच्या फांदीवर जाते, बी दोन्ही पायांत घट्ट धरते आणि चोचीनं ठोकून ठोकून फोडते. गर खाल्ला की पुन्हा हजर. काही बिया सालीच्या फटीत लपवूनही ठेवते. रात्री शक्ती वाचवण्यासाठी हा जीव शरीराचं तापमान दहा-बारा अंशांनी खाली आणतो. दिवसभरात साठवलेली चरबी रात्रीत जाळायची, आणि उजाडलं की पुन्हा शोध सुरू. म्हणून फीडर संध्याकाळीच भरून ठेवा. पहाटेचा पहिला घास महत्त्वाचा असतो. बर्फ पडल्यावर फीडरखालची थोडी जागा फावड्यानं मोकळी करा. जुन्को आणि होले जमिनीवरच टिपतात. जुन्को दोन्ही पायांनी मागे उडी मारून भुसभुशीत बर्फ उकरतो, ते तर बघतच राहावं.

‘सवय लागेल, ऐतखाऊ होतील’ असं काही जण बजावतात. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात चिकडींवर याच प्रश्नाचा अभ्यास झालाय. 1988 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार फीडर असलेल्या भागात हिवाळ्यात 69 टक्के चिकडी जगल्या, नसलेल्या भागात 37 टक्के. फरक पडला तो मुख्यतः कडाक्याच्या थंडीत. फीडर असूनही त्यांचं बहुतेक अन्न रानातलंच होतं. पुढच्या अभ्यासात फीडर काढून घेतल्यावरही त्या इतरांइतक्याच तगल्या. तेव्हा आठवडाभर गावाला गेलात तर जीवाला घोर लावून घेऊ नका. फक्त वादळाच्या दिवसांत हात आखडता घेऊ नका.

काचेपासून फीडर एक मीटरच्या आत ठेवा, नाहीतर थेट दहा मीटर लांब. मधल्या अंतरावरून उडालेला पक्षी वेगात काचेवर आदळतो.

सफाईत मात्र हयगय नको. दर दोन आठवड्यांनी एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी, मग स्वच्छ धुऊन पूर्ण वाळवूनच भरणं. हाउस फिंचच्या डोळ्यांचा संसर्ग 1994 पासून अमेरिकेच्या पूर्व भागात पसरला, आणि तो अशाच गर्दीच्या जागी एकाकडून दुसऱ्याला होतो. सुजलेल्या डोळ्यांचा पक्षी दिसला तर फीडर लगेच उतरवा, धुवा आणि काही दिवस लावू नका.

गरम पाण्याच्या भांड्याबद्दल मी साशंक होतो. आता म्हणेन, पैसे कमी असतील तर चरबीचा पिंजरा वगळा, पण हे घ्या. सगळीकडे गोठलेलं असताना प्यायला पाणी असलं की फीडरकडे कधीच न फिरकणारे रॉबिनसुद्धा येतात. वायर बाहेर वापरायचीच घ्या.

वसंत लागला की राज्याच्या पर्यावरण खात्याच्या सल्ल्याप्रमाणे फीडर उतरवायचे, कारण तोवर अस्वलं जागी होऊन अन्न शोधू लागतात. आमचे या आठवड्यात उतरतील. उरलेलं सूर्यफूल घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात जाईल, आणि पाण्याचं भांडं वायर काढून तिथेच राहील.