तुरुंगातली भेट: नोंदणी सोपी, बाकी रांगेला कोणी विचारत नाही (पाचपैकी अडीच तारे)

मुलगा न्यायबंदी आहे, म्हणजे खटल्याचा निकाल लागायचाय आणि तोवर तुरुंगात. केस कसली, ते इथे सांगत बसत नाही, कोर्ट बघून घेईल. मी एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालो. रांग, गर्दी आणि वेळापत्रक यातलं मला जरा कळतं, म्हणून हा रिव्ह्यू. कारागृहाचं नाव लिहीत नाही, कारण पोरगा अजून आत आहे.

आधी चांगलं सांगतो. ई-मुलाकात या तुरुंगभेटीच्या सरकारी वेबसाइटवर घरबसल्या नोंदणी होते. आपलं नाव, ओळखपत्र, बंद्याचं आणि त्याच्या वडिलांचं नाव भरायचं, ओटीपी टाकायचा, प्रत्यक्ष भेट की व्हिडिओ ते निवडायचं. करोनात प्रत्यक्ष भेटी बंद होत्या तेव्हा हा व्हिडिओच कामाला आला. आमच्या मंडळींना गुडघ्यांमुळे प्रवास झेपत नाही. त्या स्क्रीनवरच "जरा उजेडात ये, गाल बसलेत का बघू दे" म्हणत त्याची तपासणी करतात. या सोयीला माझे पूर्ण तारे.

तारे कापले ते पुढच्या गोष्टींसाठी. आमच्या इथे प्रत्यक्ष भेटीची खिडकी अकराला बंद होते. तालुक्याहून येणारी पहिली गाडी स्टँडला लागते पावणेअकराला, आणि तिथून रिक्षाने वीस मिनिटं. म्हणजे त्या गाडीने येणारा माणूस वेळेवर पोचूच शकत नाही, आदल्या रात्री येऊन स्टँडवर झोपला तरच. खिडकी अर्धा तास उशिरा बंद केली तर सरकारचा एक रुपया जात नाही. पण वेळ ठरवणारा साहेब गाडीने येतो, एसटीने नाही. रांगेतल्या कुठल्याही बाईला विचारलं असतं तर तिने एका वाक्यात सांगितलं असतं.

मग मध्येच बरॅकनुसार भेटीचे वार बदलले. नोटीस कुठे लावली, तर मुख्य दरवाजाच्या आतल्या फळ्यावर. वार बदललाय हे कळायला आधी चुकीच्या वारी यायचं! त्या दिवशी माझ्यापुढे एक पोरसवदा बाई होती, कडेवर लेकरू, रोजंदारी बुडवून आलेली. "आज तुमचा वार नाही" एवढं ऐकून परत फिरली. नोंदणीत सगळ्यांचे मोबाईल नंबर आहेत. एक मेसेज टाकायला काय हरकत होती?

बंद्याला आत द्यायच्या कपड्यांचंही तेच. नाडीची पँट चालत नाही, हे कळतं, जिवाचा प्रश्न आहे. पण काय चालतं याची यादी बाहेर कुठेच नाही. ती यादी समोरच्या टपरीवाल्याला पाठ आहे, आणि इलॅस्टिकची पँट तो दीडपट भावाने विकतो. भेटीच्या खोलीत काचेपलीकडे माणूस आणि हातात फोनचा रिसीव्हर. आमच्या वाट्याला बहुतेक वेळा तोच येतो, ज्याची वायर अंगठ्याने दाबून धरली तरच आवाज येतो. अर्धी भेट "हॅलो, हॅलो" करण्यात जाते.

शिपाई लोकांवर राग नाही. एकेका बिचाऱ्यावर एवढी गर्दी असते. एका बाबाने म्हाताऱ्या आजोबांना स्वतःची खुर्ची दिलेली मी पाहिली आहे. नियम त्यांनी केलेले नाहीत, शिव्या मात्र तेच खातात.

आता मूळ मुद्दा. कारागृहांवर देखरेखीला अभ्यागत मंडळ असतं. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीत त्यावर जिल्हा न्यायाधीश, जिल्हाधिकारी, आमदार, समाजसेवक अशी माणसं आहेत. बंद्याच्या घरचं माणूस त्यात नाही, ते असावं एवढंच माझं म्हणणं. २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते, त्यातले ४,३४,३०२ न्यायबंदी, म्हणजे चारातले तीन अजून दोषी ठरलेलेच नाहीत. त्यांची घरं वकील, मनीऑर्डर, तारखा सगळं सांभाळतात, आणि त्यांच्या भेटीचे नियम त्यांना न विचारता होतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच कुटुंबाच्या भेटी वाढवण्याचा, फोन आणि व्हिडिओचा विचार करा म्हणून सांगितलं होतं. भेट किती हवी आणि कधी हवी, हे भेटायला येणाऱ्याशिवाय कोणाला ठाऊक असणार?

घरच्यांचा विचार होतच नाही असंही नाही. राज्य सहकारी बँकेने २०२२ मध्ये येरवड्यात 'जिव्हाळा' कर्ज योजना सुरू केली. पन्नास हजारांपर्यंत, सात टक्के व्याजाने, फेड बंद्याच्या आतल्या मजुरीतून. आमचा न्यायबंदी असल्याने आम्हाला तिचा उपयोग नाही, पण आतल्या माणसामागे घर असतं हे कोणीतरी लक्षात घेतलं.

शेजारी म्हणाले, नातेवाईकांना मंडळावर घेतलं तर मोबाईल-गांजा आत जाईल. अहो, मी चाव्या मागत नाहीये. खिडकीची वेळ, फळ्याची जागा आणि रिसीव्हरची वायर याबद्दल बोलायला दोन खुर्च्या मागतोय. त्यातली एक बाईला द्या, रांगेत जास्त त्याच असतात. आमच्या एसटीने २०२४ मध्ये 'प्रवासी राजा दिन' काढला, अधिकारी आगारात बसून प्रवाशांचं ऐकून घेतात. एसटीला जमतं ते इथे महिन्यातून एक दिवस का जमू नये? तसा अर्ज मी अधीक्षकांच्या नावे दिला आहे, पोच घेऊन.

नव्याने जाणाऱ्यांनी आधार कार्डाच्या दोन झेरॉक्स घरूनच न्याव्यात, समोरचा एकीचे पाच रुपये घेतो. बंद्याच्या वडिलांचं नाव आत नोंदलंय तसंच भरा, नाहीतर नोंदणी अडते. पाण्याची बाटली असू द्या. बायकांनी स्टँडवरच स्वच्छतागृहात जाऊन यावं, तुरुंगाबाहेर रांगेच्या शेडपाशी सोय नाही.