घरच्या मायक्रोस्कोपचे नऊ महिने

गेल्या नोव्हेंबरात मी मायक्रोस्कोप घेतला, स्वतःसाठी. बी.एस्सी.ला बॉटनी होतं, त्याला आता तेवीस वर्षं झाली. मधल्या काळात काचपट्टीला हातही लागला नव्हता. दोन डोळ्यांनी बघायचा, एलईडी दिव्याचा, ४, १०, ४० आणि १०० पटींच्या चार ऑब्जेक्टिव्हचा (म्हणजे नमुन्याकडच्या भिंगांचा) हा अंबाल्यात बनलेला साधा मायक्रोस्कोप. ट्रान्सपोर्टच्या खर्चासकट १४,५०० रुपये पडले. आता पावसाळ्यातून गेल्यावर लिहिते आहे, कारण सावंतवाडीत कुठलंही भिंग टिकतं की नाही हे पावसाळ्यानंतरच कळतं.

खोक्यावर मोठ्या अक्षरात ‘२००० पट’ असं छापलेलं होतं. खरेदी करणाऱ्याने या आकड्याकडे अजिबात बघू नये. ऑब्जेक्टिव्हच्या अंगावर दोन आकडे असतात, उदाहरणार्थ ४०/०.६५. त्यातला दुसरा खरा महत्त्वाचा. त्याला न्यूमरिकल अपर्चर म्हणतात आणि दोन जवळचे ठिपके वेगळे दिसतील की एकच दिसेल, हे त्यावर ठरतं. ०.६५ च्या भिंगातून साधारण अर्ध्या मायक्रॉनपर्यंतचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तपशील सुटा होतो, त्याखाली नाही. त्या आकड्याला हजाराने गुणलं की उपयोगी मोठेपणाची हद्द कळते, म्हणजे चाळीसच्या भिंगाला साडेसहाशेच्या आसपास. सोबत आलेले वीस पटींचे आयपीस, म्हणजे डोळ्याकडची भिंगं, लावले की चाळीस गुणिले वीस, आठशे पट होतं, पण चित्र फक्त फुगतं, नवीन काहीच दिसत नाही. ते आयपीस मी पहिल्या आठवड्यातच डब्यात ठेवले, दहाचेच वापरते.

पहिला महिना मात्र निराशेत गेला आणि त्याचं कारण भिंगं नव्हती, उजेड होता. गालाच्या आतल्या पेशी टूथपिकने खरवडून पाण्याच्या थेंबात ठेवल्या, दिवा पूर्ण वाढवला आणि बघितलं तर पांढरं लख्ख वर्तुळ, बाकी काही नाही. दोन रात्री मला वाटत होतं की माल खराब आला. मग स्टेजखालचा, म्हणजे काचपट्टी ठेवायच्या पाटाखालचा, कंडेन्सर नीट पाहिला. दिव्याचा उजेड नमुन्यावर एकवटणारं ते भिंग. पाठवताना तो अगदी तळाला उतरवलेला होता आणि त्यातला आयरिस, म्हणजे उजेडाचं भोक लहान-मोठं करणारा पडदा, पूर्ण उघडा होता. कंडेन्सर काचपट्टीच्या जवळ, जवळजवळ वरच्या टोकापर्यंत आणला, आयरिसची दांडी हळूहळू फिरवली आणि पेशींच्या कडा, मधलं केंद्रक, सगळं जणू कागदावर पेन्सिलीने काढल्यासारखं वर आलं.

आता माझी सवय अशी आहे. ऑब्जेक्टिव्ह बदललं की एक आयपीस काढायचा, नळीत डोकवायचं. खाली उजेडाची गोल चकती दिसते. आयरिस मिटत नेऊन त्या चकतीचा साधारण दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश भाग उजळलेला ठेवायचा. रंग न दिलेल्या पारदर्शक नमुन्यांना आणखी थोडा मिटायचा. फार मिटला तर कडांना काळ्या-पांढऱ्या दुहेरी रेघा येतात, त्या खऱ्या नसतात. आणि उजेड डोळ्यांना जास्त होत असेल तर तो दिव्याच्या बटणाने कमी करायचा, आयरिसने नाही. ही एकच गोष्ट कोणी पहिल्या दिवशी सांगितली असती तर माझा डिसेंबर वाचला असता. या यंत्रात दिव्यावर असा वेगळा पडदा (डायफ्रॅम) नाही, त्यामुळे जर्मन शास्त्रज्ञ ऑगस्ट कोहलरने १८९३ मध्ये मांडलेली प्रकाशाची रचना पूर्णपणे जमत नाही. घरच्या कामाला त्याचं अडत नाही.

डोळ्यांची जुळणीही नीट करावी लागते. आधी दोन नळ्यांमधलं अंतर असं करायचं की दोन वर्तुळांचं एक होईल. मग उजव्या डोळ्याने बघत लहान चाकाने फाइन फोकस, आणि त्यानंतर फक्त डावीकडची कडी फिरवून डाव्या डोळ्याचं चित्र स्पष्ट करायचं. हे केल्यापासून माझं डोकं दुखायचं थांबलं.

तक्रारी दोन आहेत. पहिली, तिसऱ्या महिन्यात स्टेज आपोआप खाली घसरायला लागला. फोकस लावावा आणि मिनिटाभरात चित्र धूसर व्हावं. विक्रेत्याला तीन वेळा फोन केला, दुरुस्तीला परत पाठवा एवढंच उत्तर मिळालं, आणि पाठवायचा खर्च माझा. शेवटी फोकसच्या मोठ्या चाकाच्या मागे, खांबाला लागून असलेली एक बारीक कडी सापडली. ती थोडी आवळली की चाक घट्ट होतं. ही सोय असते हे माहितीपत्रकात एका ओळीने लिहायला हवं होतं. दुसरी तक्रार काचपट्टी सरकवणाऱ्या चिमट्याच्या स्क्रूंची. ते सैल होतात, महिन्यातून एकदा आवळावे लागतात.

चाळीसच्या भिंगावर एक आकडा असतो, ०.१७. म्हणजे तेवढ्या मिलिमीटर जाडीच्या कव्हरस्लिपसाठी (नमुन्यावर ठेवायच्या पातळ काचेसाठी) ते भिंग बनवलेलं आहे. हे इतकं सविस्तर सांगते कारण नमुन्यावर पाण्याचा मोठा थेंब राहिला तरी चित्र दुधाळ होतं आणि दोष आपण भिंगाला देतो. थेंब लहान घ्यावा, कव्हरस्लिप तिरकी टेकवून सावकाश सोडावी, कडेचं पाणी वर्तमानपत्राच्या कागदाने टिपावं. या भिंगाचं टोक काचेपासून जेमतेम अर्ध्या मिलिमीटरवर येतं. म्हणून नेहमी चारच्या भिंगापासून सुरुवात, आणि चाळीसवर गेल्यावर मोठ्या चाकाला हात लावायचाच नाही.

एकदा मी शंभरच्या भिंगाने दह्याचा नमुना बघत होते. दह्याचा पातळ लेप, ज्योतीवरून फिरवून सुकवलेला, वर मिथिलीन ब्लू हा निळा रंग. तो मला मत्स्यालयाच्या दुकानात मिळालं, माशांचं औषध म्हणून विकतात. शंभरला भिंग आणि काच यांच्यामध्ये तेलाचा थेंब लागतो, कारण त्या तेलात प्रकाश जवळजवळ काचेतल्यासारखाच वळतो. निळ्या काड्या आणि मण्यांच्या माळा, दोन्ही प्रकारचे जिवाणू दिसले. मग मी परत चाळीसवर फिरवलं आणि ते भिंग तेलातून गेलं. दुसऱ्या दिवशी चाळीसचं सगळं धुक्यात. भिंग गेलंच असं धरून मी अस्वस्थ झाले होते. नंतर आयपीस उलटा धरून तोच मोठं करणारं भिंग म्हणून वापरला, ऑब्जेक्टिव्हचं टोक तपासलं, तेलाचा पातळ थर दिसला. लेन्स पेपरवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब घेऊन हलक्या हाताने पुसलं, आणि ते पहिल्यासारखं झालं. रुमाल, ओढणी, टिश्यू यांनी भिंग कधीच पुसू नये.

शंभरचं भिंग मी महिन्यातून एकदा वापरते. खरा आनंद दहा आणि चाळीसमध्ये आहे. रिओ या शोभेच्या झाडाच्या पानाची खालची जांभळी साल सोलून ठेवली की जांभळ्या पेशींच्या मध्ये हिरवी पर्णरंध्रं बसलेली दिसतात. तिथे कव्हरस्लिपच्या एका कडेला मिठाच्या पाण्याचा थेंब सोडा आणि दुसऱ्या कडेला कागद लावून ते आत ओढा. काही मिनिटांत जांभळा रंग पेशीच्या भिंतीपासून सुटून आकसत मध्ये गोळा होतो. साधं पाणी ओढलं की परत पसरतो. कॉलेजात हे मी परीक्षेसाठी पाहिलं होतं. या वेळी अर्धा तास नुसती बघत बसले. हायड्रिला या पाणवनस्पतीच्या पानात चाळीसवर हरितलवक पेशीच्या कडेकडेने रांगेने फिरताना दिसतात. बटाट्याच्या पिठाच्या कणांवर शिंपल्यासारखी वलयं असतात, आयोडीन न घालताच ती जास्त चांगली दिसतात.

आयपीसवर १० सोबत १८ हा आकडा आहे. त्याला ऑब्जेक्टिव्हच्या पटीने भागलं की दिसणाऱ्या वर्तुळाची रुंदी मिळते: दहाला १.८ मिलिमीटर, चाळीसला ०.४५. जास्वंदीचे काटेरी परागकण दहावर एका ओळीत साधारण बारा-तेरा मावतात, म्हणजे एक कण अंदाजे ०.१४ मिलिमीटरचा. वेगळं मोजमापाचं साधन न घेता एवढं समजतं याचं मला फार अप्रूप वाटलं.

मोती तलावाचं नितळ पाणी आणलं तर त्यात जवळपास काहीच सापडत नाही. पाणवनस्पतींची मुळं वाटीत पिळून घ्या, मग बघा. पॅरामेशियम हे एकपेशीय जीव फार पळतात, कापसाचे चार तंतू सोडले की त्यांच्यात अडकून हळू होतात. कंडेन्सरखालच्या कडीत मधोमध साधारण १५ मिलिमीटरची काळ्या कागदाची चकती ठेवली की दहाच्या भिंगात पार्श्वभूमी काळी होते आणि जीव आपल्याच उजेडाने चमकल्यासारखे दिसतात. अशीच एकदा व्हॉर्टिसेला दिसली, हीसुद्धा एकपेशीय, घंटेसारखं तोंड आणि खाली लांब देठ. टेबलाला धक्का लागला की देठ स्प्रिंगसारखा झटकन गुंडाळतो. सासूबाईंना बोलावलं. त्या बराच वेळ डोळा लावून होत्या, मग म्हणाल्या, “गो, ह्यां जिवंत आसा?” त्यानंतर तुळशीच्या वृंदावनातलं साचलेलं पाणी त्यांनीच आणून दिलं.

पावसाळ्याचं सांगते. जूनपासून आमच्याकडे चपलांनाही बुरशी येते. ती भिंगाच्या आत शिरली की जाळी पसरते आणि काचेवरचा लेप खाते. मग पुसूनही उपयोग नाही. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मायक्रोस्कोपच्या कपाटात एक छोटा बल्ब रात्रंदिवस पेटता ठेवत, तो यासाठी. मी चारही ऑब्जेक्टिव्ह आणि आयपीस काढून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवते आणि उघड्या भोकांना टोपणं लावते. नारिंगी मणी हिरवट झाले की वेगळ्या ठेवलेल्या जुन्या तव्यावर मंद आचेवर तापवायचे, रंग परत येतो. जुलैत हे तीनदा करावं लागलं. परवा चारही भिंगं उजेडात धरून तपासली, एकदम स्वच्छ आहेत.

एवढे पैसे घालायचे नसतील तर स्टॅनफर्डच्या मनू प्रकाश यांच्या गटाने बनवलेला कागदी फोल्डस्कोप घ्या, त्यातून १४० पट दिसतं. खेळण्यांच्या दुकानातला प्लास्टिकचा मात्र घेऊ नका, त्याने मुलांचा उत्साह जातो.

माझं पुढचं काम ठरलेलं आहे. आमच्या चिऱ्याच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, मॉस आलंय, ज्याला आपण सरसकट शेवाळच म्हणतो. ते रात्रभर भिजवून पिळलं तेव्हा त्यात आठ पायांचा, नखं असलेला एक टार्डिग्रेड हा सूक्ष्म प्राणी सापडला. दिवाळीनंतर गडगा कोरडा पडेल. तेव्हाचं वाळलेलं मॉस कागदी पाकिटात ठेवून मार्चमध्ये पाण्यात सोडायचं आणि त्यातला वाळलेला टार्डिग्रेड पुन्हा हलतो का ते चारच्या भिंगाखाली बघायचं.