चांदीचं सीलबंद नाणं की सराफाकडचा साधा बार: जादा पैसे नक्की कशाचे?

धनत्रयोदशी जवळ आली की घरच्या ग्रुपवर कोणीतरी विचारतंच, चांदीत थोडे पैसे टाकायचेत, मग ते कार्डात पॅक केलेलं 999 चं (99.9 टक्के शुद्ध) नाणं घेऊ का सराफाकडून साधा बार. मी दोन्ही घेतलंय आणि दोन्हीतलं थोडं थोडं विकलंयही, त्यामुळे शुद्धता, वजन वगैरे जे सगळीकडे लिहिलेलं असतं ते सोडून देतो. चांगल्या ठिकाणी घेतलं तर त्यात दोन्हीकडे फार फरक नाहीच.

फरक आहे तो भावावर चढणाऱ्या जादा पैशात. नाणं पाडायची मजुरी, डबी, कार्ड, कंपनीचा आणि दुकानदाराचा हिस्सा हे सगळं 10 ग्रॅमच्या नाण्यालाही जवळपास तेवढंच लागतं जेवढं 100 ग्रॅमला, म्हणून नाणं जितकं छोटं तितका प्रीमियम जास्त, आणि आपण नेमकी छोटीच घेतो कारण खिशाला बरी वाटतात. समजा भाव ग्रॅमला 100 रुपये आहे. 10 ग्रॅमची दहा नाणी तुम्हाला सगळं धरून 13,000 ला पडली आणि 100 ग्रॅमचा बार 3 टक्के जीएसटी आणि थोडी मजुरी मिळून 10,600 ला पडला, तर विकताना दोन्हीचे 9,700 च्या आसपासच येतील. म्हणजे बारवाल्याचे पैसे सुटायला भाव 9-10 टक्के वर जायला हवा आणि नाणंवाल्याला साधारण 34 टक्के. आकडे मी सोयीसाठी गोल घेतलेत, तुमच्या गावात कमीजास्त असेल, पण प्रकार हाच.

आता माझ्यासाठी ज्या गोष्टीनं निकाल लागला ती सांगतो. सीलबंद नाणी विकायला एका सराफाकडे गेलो, कार्ड आहे, बिल आहे, नंबर आहे, म्हटलं काही प्रश्नच नाही. त्यानं कार्ड उलटसुलट पाहिलं आणि कात्री हातात घेतली. मी म्हटलं अहो थांबा, आधी भाव तर सांगा. तर म्हणे, "दादा, टंच बघितल्याशिवाय भाव कसा सांगू, आणि आम्ही हे वितळवणारच, पॅकिंगचं आम्हाला काय करायचंय." टंच म्हणजे चांदीची शुद्धता, आणि त्याच्या जागी तो बरोबरच होता. टंच 999 च लागला, तरी भाव मोडीचा, म्हणजे वितळवायच्या जुन्या मालाचा, वर थोडी घट कापली ती वेगळी, कारण माल "आमच्याकडचा नाही". म्हणजे बघा, भाव कळायच्या आधी सील फोडावं लागतं आणि सील फुटलं की दुसऱ्या दुकानात जाऊन घासाघीस करायला तुमच्याकडे ते सीलबंद नाणं उरतच नाही, नुसता चांदीचा तुकडा उरतो. ज्या सीलसाठी जादा पैसे मोजले तेच विकायच्या टेबलावर पहिल्या मिनिटाला कचऱ्यात. ही गोष्ट माझ्या डोक्यातून काही केल्या जात नाही.

बार मी आमच्या नेहमीच्या पेढीवरूनच घेतो, पक्कं बिल, त्यांचा शिक्का. तो परत नेला तर त्यांनी शिक्का बघून वजन केलं आणि त्या दिवसाच्या भावातून थोडंसं कापून पैसे खात्यात टाकले, टंचाचा विषयच निघाला नाही. हां, याचा अर्थ तुम्ही त्या एका पेढीला बांधले जाता. तोच बार दुसऱ्या गावात नेला तर तिथे पुन्हा तुकडा काढून तपासणं आणि मोडीचा भाव हेच होणार. ज्यांची बदलीची नोकरी आहे त्यांना हे कदाचित चालणार नाही. बार काळाही पडतो, हवेतल्या गंधकामुळे, पण वितळणाऱ्या वस्तूच्या रंगाचं काय घेऊन बसायचं.

यूट्यूबवर अमेरिकन लोक त्यांचं सिल्व्हर ईगल हे चांदीचं नाणं घ्या म्हणून सांगतात ते बघून आपल्याकडे बरेच जण नाण्यांकडे वळतात, आणि त्यांचं त्यांच्या जागी चूक नाही. ईगल 1986 पासून सरकारी टांकसाळीतून निघतं, एक ट्रॉय औंस म्हणजे 31.1 ग्रॅम, तिकडचा कॉइन डीलर ते बघताक्षणी ओळखतो आणि बऱ्याचदा साध्या राउंडपेक्षा (खासगी कंपनीनं पाडलेला, चलन नसलेला नाण्यासारखा तुकडा) चार पैसे जास्त देऊन परत घेतो. प्रीमियम दिला तरी त्यातला काही परत येतो. ब्रिटनमध्ये तर ब्रिटानिया हे तिथलं चांदीचं नाणं लीगल टेंडर, म्हणजे कायदेशीर चलन, असल्यामुळे नफ्यावर कॅपिटल गेन्स टॅक्स नाही, चांदी घेताना 20 टक्के व्हॅट भरावा लागतो तो भाग वेगळा. आपल्याकडचं कार्डातलं नाणं कितीही नामांकित रिफायनरीचं असलं तरी ते चलन नाही, आणि सराफ बाजारात त्याला नाणं म्हणून वेगळा भाव देणारा गिऱ्हाईक जवळपास नाहीच. बँकेनं विकलेलं नाणं बँक परत घेत नाही हे तर आपण सोन्याच्या वेळीच बघितलंय.

राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या छापाच्या जुन्या रुपयांचं कोणी विचारेल म्हणून सांगतो, ते वेगळंच प्रकरण आहे. 11.66 ग्रॅम, साधारण 91.7 टक्के चांदी, त्यामुळे 999 च्या भावानं हिशोब करूच नका, आणि त्याच्यावरचा प्रीमियम हा संग्राहकांचा असतो, साल आणि अवस्था बघून. 1940 पासूनच्या रुपयात तर चांदी निम्मीच राहिली आणि 1947 ला निकेलच आलं. बाजारात नवीन पाडलेले नकली राणीछापही भरपूर आहेत. आजीच्या डब्यातले असतील तर ठेवा, गुंतवणूक म्हणून नवीन घेऊ नका असं माझं मत.

सिल्व्हर ईटीएफचं, म्हणजे शेअर बाजारात मिळणाऱ्या चांदीच्या फंडाचं म्हणाल तर लॉकर नको, टंच नको, घेताना जीएसटी नको, एक वर्षानंतर विकलं तर नफ्यावर 12.5 टक्के टॅक्स, जो प्रत्यक्ष चांदीला दोन वर्षांनंतर लागतो. कागदावर तोच जिंकतो, मान्य. पण प्रीमियम तिथेही चढतो बरं का, ऑक्टोबर 2025 मध्ये चांदीची टंचाई झाली तेव्हा युनिट एनएव्हीच्या (त्यातल्या चांदीच्या खऱ्या किमतीच्या) बरेच वर विकले जात होते आणि काही फंड हाउसेसनी सिल्व्हर एफओएफमध्ये (ईटीएफमध्ये पैसे लावणाऱ्या फंडात) एकरकमी पैसे घेणं थांबवलं होतं. मला थोडी चांदी हातात लागते, त्याला इलाज नाही.

नाण्यांना अगदीच नाही म्हणत नाही. बारशाला, मुंजीला द्यायला 10 ग्रॅमचं नाणंच शोभतं, तिथे कोणी प्रीमियम मोजत नाही, मीही तेच देतो. पण स्वतःसाठी घेणार असाल तर एवढं करून बघा, दुकानात गेल्यावर आजचा भाव विचारायच्या आधी "तुमचंच हे मी पुढच्या वर्षी आणलं तर काय भावानं घ्याल आणि किती कापाल" असं विचारा, आणि तो जे सांगेल ते बिलाच्या मागे लिहून मागा. माझ्या पेढीनं लिहून दिलं. नाणी विकणाऱ्या बऱ्याच काउंटरवर मला "ते तेव्हा बघू सर" एवढंच ऐकायला मिळालं.