सायफन कॉफीमेकर: कॉफी झकास, पण रबराने जीव काढला

यंत्र कसं चालतं याचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेले असतात, त्यामुळे ते सविस्तर वर्णन करत बसत नाही. एवढंच की खाली पाण्याचा काचेचा गोळा असतो आणि वर कॉफी पावडरचं भांडं. माझा तीन कपांचा, स्पिरिटच्या दिव्यावरचा. वर्ष होत आलं, जवळजवळ रोज वापरात आहे. लिहायला बसलो ते रबरामुळे.

वरच्या भांड्याच्या नळीभोवती एक रबर असतं, ते खालच्या काचेच्या गोळ्याच्या तोंडात घट्ट बसतं. सगळा खेळ त्याच्यावर. खाली वाफेचा दाब वाढला की पाणी नळीतून वर चढतं आणि पावडरीत मिसळतं. दिवा काढला की वाफ थंड होते, दाब पडतो आणि बाहेरची हवा कॉफीला गाळायच्या फडक्यातून खाली रेटते. रबर सैल झालं की दोन्हींची बोंब. गेल्या महिन्यात बाजूने फुसफुस सुरू झाली, पाणी अर्धंमुर्धंच वर गेलं, आणि दिवा काढल्यावर कॉफी वरच ठाण मांडून बसली. थेंब थेंब करत उतरली तोवर तिचा काढा झाला होता.

विक्रेत्याला फोन केला. "रबर वेगळं येत नाही सर, वरचं भांडं पूर्ण घ्यावं लागेल." भांड्याची किंमत अख्ख्या यंत्राच्या निम्म्याहून जास्त! वॉरंटीचं विचारलं तर म्हणे "काच आणि रबर सोडून". मग उरलं काय? स्टँड आणि दिव्याची वात. कुकरची रिंग कुठल्याही भांड्यांच्या दुकानात मिळते, याचंच काय सोनं लागलंय? १८३०च्या दशकापासून युरोपात माहीत असलेलं यंत्र, जपानी कॉफीघरांनी आजवर जपलेलं, आणि इथे एका रबरापायी अडगळीत जायचं!

मग प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानातून एका भोकाचं रबरी बूच आणलं. बसलं फिट, पाणी वरखाली झालं, पण कॉफीला केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलचा वास. उकळलं, सोड्यात बुडवलं, वास हटेना. तसंही ते रबर खाण्यापिण्यासाठीचं नव्हे. नाद सोडला.

आता कॉफीबद्दल. सुरुवातीच्या दिवसांत हे लिहिलं असतं तर "पाणचट, एवढा खटाटोप कशाला" असं लिहिलं असतं. जीभ दुधाच्या दाट कॉफीला सरावलेली. आता चिकमगळूरची अरेबिका, मध्यम भरड, कपाला दहा-बारा ग्रॅम, दूध नाही, साखर नाही. पहिला घोट नको, चटका बसतो. जरा निवली की संत्र्याच्या सालीचा आंबूसपणा जिभेवर येतो, तो घरी दुसऱ्या कशात मला मिळालेला नाही. चिकोरीवाली बारीक पावडर मात्र घालू नका, फडकं तुंबतं.

दिव्याबद्दलही मत बदललं. आधी त्या निळ्या ज्योतीचं फार कौतुक होतं. आता पाणी किटलीत उकळून ओततो, दिवा फक्त शेवटच्या टप्प्याला. स्पिरिट वाचतं, वेळही. गोळा बाहेरून कोरडा पुसून मगच ज्योत लावा, ओल्या काचेला तडा जाऊ शकतो.

फडक्याचं म्हणाल तर साबण न लावता धुवायचं आणि पाण्याच्या वाटीत घालून फ्रीजमध्ये ठेवायचं, वाळलं तर खवट वास धरतं. आमच्या आईला ती वाटी दिसली की प्रश्न ठरलेला, "हे काळं काय ठेवलंयस, टाकू का?" एकदा खरंच टाकलं. फडकी निदान सुटी मिळतात, तीही स्वस्तात.

शेवटी दात-ओठ खात वरचं भांडं मागवलं, दुसऱ्या विक्रेत्याकडून. जुन्याच्या काचेला साधा ओरखडा नाही, ते माळ्यावर ठेवलंय, टाकवत नाही. कॉफीला पाचपैकी साडेचार, सुट्या भागांना भोपळा. घेणार असाल तर पैसे भरण्याआधी रबर सुटं मिळतं का ते विचारा, आणि उत्तर फोनवर नको, मेलवर घ्या.